नमुना क्रमांक ३१७

पश्चिमेची भिंत सगळ्यात आधी जाते.
हे मी पगार घेऊन शिकलो.
रबाळ्याच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं
गच्चीवर पत्र्याच्या पट्ट्या मांडायच्या,
दक्षिणेला तोंड, पंचेचाळीस अंशांत उताण्या,
अर्धी पट्टी चंदेरी कागदात गुंडाळलेली,
अर्धी उन्हाला देऊन टाकलेली.
एक तारखेला कागद जरासा उचलायचा,
वहीत आकडा लिहायचा.
पाच म्हणजे जसाच्या तसा.
एक म्हणजे गेला.

आता कोपरखैरण्यात स्वतःच्या रो-हाउससमोर
मान वर करून उभा आहे.
बारा वर्षांपूर्वी कुमुदने निवडलेला लिंबू-पिवळा
रस्त्याच्या बाजूला अजून तीन,
खाडीच्या बाजूला एक,
तोही सढळ हाताने दिलेला.
हात फिरवला की तळव्याला पीठ लागतं.

मुनाफ म्हणतो, "पांढरा मारू ना, केणीसाहेब,
पांढऱ्याचं काय उडणार?"
पांढरा उडत नाही बाबा, कळकटतो.
त्याचा रकाना वेगळा.

सांगायला बसलो तर संध्याकाळ होईल.
भडक पिवळे, केशरी, गुलाबी दमाचे कच्चे.
गेरू टिकतो, काव टिकते,
मातीतून आलेल्यांना ऊन आणखी काय करणार?
भिंतीवर फुललेलं मीठ आधी खरवड,
चिरा भर, धू, दहा दिवस सुकू दे,
आणि त्या पन्हळीचं बघ,
पाणी मुरत असेल तर डब्यावरची हमी
डब्यावरच राहते.

कुमुद पायरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.
"म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं,
हा उडणार."
बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.
सहा वर्षं टिकेल, असा माझा हिशेब होता.
"नऊ टिकला," ती म्हणाली,
आणि टरफलं झटकली.

मग मी आत जाऊन कपाटावरची पट्टी काढली.
निवृत्तीच्या दिवशी पोरांनी दिलेली,
त्र्याण्णव सालची, तैलरंगाची,
वहीतली नोंद केव्हाच थांबलेली,
पण गच्चीवरून कोणी उतरवायचं विसरलं होतं.
चंदेरी कागद तसाच. मीही कधी सोडला नव्हता.
मुनाफला दाखवायचं होतं
झाकलेलं कसं राहतं ते.

उघडा अर्धा भाग भुरा, राखेसारखा.
कागदाखालचा
हिरवट, पिवळसर,
जुन्या जखमेच्या कडेसारखा.
अंधारात तेल असं पिवळं पडतं,
हे मला ठाऊक होतं. पुस्तकात होतं.
मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात: फिकट निळा.
एवढंच.
इतकी वर्षं मी ज्याच्याशी ताडून बघायचो
तोही आपल्या परीने जातच होता.

"ह्यातला खरा कुठला?" मुनाफने विचारलं.
मला उत्तर द्यायला वेळ लागला,
तेवढ्यात कुमुदने पट्टी हातातून घेतली,
पदराने पुसली,
स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी केली.
"लागू दे थोडं ऊन."
आणि ते बरोबर आहे, तो पिवळटपणा
उजेडात हळूहळू मागे हटतो, सगळा नाही.
त्याचा आकडा मी कधी लिहिला नव्हता.

शेडकार्ड तिने उघडलंसुद्धा नाही.
"तोच लिंबू-पिवळा."
मी म्हटलं, नऊच वर्षं.
"मग? आपल्याला आणखी किती हवीत?"
मुनाफ हसला, मग आमच्याकडे बघून
हसायचा थांबला.

सातला ये, मुनाफ, उशीर नको.
खाडीकडची भिंत सकाळी घ्यायची,
ती सावलीत आहे तोवर.
दुपारी तापल्या भिंतीवर ब्रश लावलास तर
माझ्याशी गाठ आहे.